थरांच्या हद्दी आणि विद्युत्भाराची सामूहिक कंपने



ज्या अध्यापकांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी यवतमाळात, जेथे त्या काळी प्रयोगशाळेची साधने जेमतेम आणि विद्यार्थी मात्र दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेडपासून आलेले, अशा परिस्थितीत पदार्थविज्ञानाचे अध्यापन केले. आणि ते करताना, कठीण विषय सोपा करण्याच्या मोहापायी खोटा करावयाचा नाही, हा आपला शिरस्ता त्यांनी कधी ढळू दिला नाही, असे त्यांचे विद्यार्थी आजही कृतज्ञतेने सांगतात. तो शिरस्ता डोळ्यांपुढे ठेवूनच मी आजचा विषय निवडला आहे. गेल्या चार दशकांत थरांच्या रचनेचे जे अतिसंवाहक पदार्थ हाती आले, आणि ज्यांचे वर्तन जुन्या प्रस्थापित सिद्धांताच्या चौकटीत बसत नाही, त्या पदार्थांत विद्युत्भार एकत्रितपणे कसा आंदोलित होतो आणि त्या आंदोलनावरून आपल्याला काय कळते, हा तो विषय. तो सूक्ष्म आहे खरा. परंतु माझे मुख्य म्हणणे थोडक्यात सांगता येण्याजोगे आहे, आणि ते आरंभीच सांगितलेले बरे. या स्फटिकांत इलेक्ट्रॉन दोन थरांमधील जी हद्द सहसा ओलांडीत नाही, ती हद्द त्याचे विद्युत् बल मात्र सर्रास ओलांडते. आणि ही गोष्ट वगळून मांडलेला अतिसंवाहकतेचा कोणताही हिशेब अपुरा राहतो.

वणीच्या परिसरातील खाणींचा कोळसा जळून त्याची वीज झाली आणि ती तारांतून वाहू लागली, की तिचा काही हिस्सा तारेतच उष्णतारूपाने नष्ट होतो, हे आपणांस ठाऊक आहे. हा जो अडथळा, तो काही धातूंत, तापमान अतिशय उतरविले असता, केवळ कमी होत नाही तर पूर्णपणे नाहीसा होतो, हे हॉलंडमधील लायडन येथे हायके कामरलिंग ओनेस यांनी १९११ साली पाऱ्यावर प्रयोग करताना पाहिले. ते तापमान होते ४.२ केल्विन, म्हणजे शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सियस. या चमत्काराची समाधानकारक उपपत्ती मिळावयास आणखी ४६ वर्षे लागली. १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघांनी दाखवून दिले की, स्फटिकातील अणूंच्या कंपनांच्या मध्यस्थीने, एरवी परस्परांना दूर लोटणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या बनतात, आणि या अगणित जोड्या एकाच कलेने, म्हणजे तरंगाच्या एकाच टप्प्यावर राहून, वागू लागतात. त्यामुळे एखाद्या जोडीला एकटीने अडखळण्यास वावच उरत नाही. तीस वर्षे हा सिद्धांत अबाधित राहिला. मग १९८६ साली झुरिकजवळच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडच्या एका संमिश्र पदार्थात सुमारे ३० केल्विनला अतिसंवाहकतेची चिन्हे दिसली, पुढच्याच वर्षी इट्रियम-बेरियम-तांब्याच्या ऑक्साइडने ९३ केल्विनची पायरी गाठली, आणि ७७ केल्विनला उकळणारा, स्वस्त व मुबलक असा द्रव नायट्रोजन या कामी पुरेसा ठरू लागला. जगभरच्या प्रयोगशाळांत तेव्हा जी धांदल उडाली तिचे वर्णन मी करीत बसत नाही. आजही या पदार्थांत जोड्या जुळविणारा मध्यस्थ कोण, यावर सर्वांची सहमती झालेली नाही, एवढेच नोंदवून पुढे जातो.

आता सामूहिक कंपन म्हणजे काय ते पाहू. धातूमध्ये धन विद्युत्भाराचे आयन आपापल्या जागी बसलेले असतात आणि ऋण विद्युत्भाराचे इलेक्ट्रॉन त्यांच्यामधून मोकळेपणाने हिंडत असतात. समजा, या सर्व इलेक्ट्रॉनांचा समुदाय किंचित एका बाजूस सरकला. तर त्या बाजूस ऋणभार साचेल, मागे राहिलेला धनभार त्यास परत खेचील, परत येताना तो समुदाय आपल्या वेगाने मूळ जागा ओलांडून पलीकडे जाईल, आणि अशा रीतीने एक आंदोलन सुरू होईल. त्यात कोणताही एक इलेक्ट्रॉन फार लांब जात नाही, पण सर्वांच्या संगनमताने संपूर्ण विद्युत्भार थरथरतो. या आंदोलनाच्या ऊर्जेचा जो लहानात लहान अंश, त्याला प्लाझ्मॉन म्हणतात. डेव्हिड बोम आणि डेव्हिड पाइन्स यांनी १९५१ ते १९५३ या काळात धातूंतील या कंपनांचा सिद्धांत पद्धतशीर मांडला. अॅल्युमिनियममध्ये प्लाझ्मॉनची ऊर्जा सुमारे १५ इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. तोच अॅल्युमिनियम १.२ केल्विनखाली अतिसंवाहक होतो, तेव्हा इलेक्ट्रॉनांची एक जोडी फोडावयास लागणारी ऊर्जा मात्र एका इलेक्ट्रॉनव्होल्टाच्या तीन-चार दशसहस्रांशांइतकी क्षुद्र असते. या दोन राशींमध्ये चाळीस हजार पटींहून अधिक अंतर आहे. आणि म्हणूनच सामान्य धातूत अतिसंवाहकतेच्या आगमनाची प्लाझ्मॉनला दखलही घ्यावी लागत नाही.

तथापि सिद्धांताच्या दृष्टीने या दोहोंचा संबंध पहिल्यापासून अत्यंत निकटचा आहे. सर्व जोड्या एकाच कलेने वागतात असे म्हटले की, ती कला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी किंचित बदलत गेल्याने एक तरंग निर्माण व्हावयास हवा, आणि तरंगलांबी जसजशी वाढेल तसतशी त्याची ऊर्जा शून्याकडे उतरावयास हवी, असे सामान्य तत्त्व सांगते. पण जोड्यांवर विद्युत्भार आहे, आणि कूलंब यांच्या नियमाप्रमाणे विद्युत्भाराचे बल दूरवर पोचते. त्यामुळे हा तरंग खाली राहत नाही. तो वर उचलला जाऊन प्लाझ्मॉनच्या ऊर्जेला जाऊन मिळतो. फिलिप अँडरसन यांनी १९५८ साली हे दाखविले आणि १९६३ साली त्यातून असा विचार मांडला की, वस्तुमानरहित दिसणाऱ्या तरंगाला वस्तुमान येण्याची ही युक्ती मूलकणांच्या क्षेत्रातही उपयोगी पडावी. पुढल्याच वर्षी हिग्ज आणि इतरांनी मूलकणांच्या वस्तुमानाविषयी जे काम केले त्याचा हा एक पूर्वसूरी होय. विज्ञानाच्या दोन दूरच्या शाखा अशा एकाच मुळाशी भेटताना पाहिल्या की मला जो आनंद होतो, तो मी येथे लपवू इच्छीत नाही.

अतिसंवाहकांना विद्युच्चुंबकीय क्षेत्रात ठेवले असता ते कसा प्रतिसाद देतात, आणि त्या प्रतिसादात या सामूहिक कंपनांचा वाटा हिशेबात धरल्याखेरीज उत्तर सुसंगत कसे येत नाही, याचे विवेचन करणारा एक महत्त्वाचा निबंध १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक दोघे: लिओ कॅडनॉफ आणि विनय आंबेगावकर. यांतील दुसरे नाव आपल्याला परके वाटणार नाही. वॉल्टर कोह्न यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवून पुढे कॉर्नेल विद्यापीठात ज्यांनी आपली हयात घालविली, त्या आंबेगावकरांचे नाव अतिसंवाहकतेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आज आढळते, ते विशेषतः १९६३ साली अॅलेक्सिस बॅराटॉफ यांच्यासह त्यांनी काढलेल्या एका संबंधामुळे. त्याची पार्श्वभूमी अशी की, १९६२ साली ब्रायन जोसेफसन या अवघ्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने असे भाकीत केले होते की, दोन अतिसंवाहकांच्या मध्ये विद्युत्‌रोधकाचा अतिशय पातळ पडदा ठेवला तरी जोड्या त्या पडद्यातून पार होतील आणि कोणताही विद्युत्‌दाब न लावता प्रवाह वाहील. हा प्रवाह जास्तीत जास्त किती असू शकेल? आंबेगावकर आणि बॅराटॉफ यांनी सांगितले की, तो सर्वाधिक प्रवाह आणि त्याच सांध्याचा अतिसंवाहकता येण्यापूर्वीचा रोध यांचा गुणाकार केवळ जोडी फोडण्याच्या ऊर्जेवर आणि तापमानावर ठरतो. पडद्याची जाडी किती, तो कशाचा बनलेला आहे, हा सारा तपशील त्या गुणाकारातून गळून जातो. अतिसंवाहक नसताना इलेक्ट्रॉन हद्द ओलांडावयास किती नाखूश होते, यावरून अतिसंवाहक झाल्यावर जोड्या ती किती सुखाने ओलांडतील याचा अदमास बांधता यावा, ही गोष्ट मला त्या काळातील सर्वांत सुंदर निष्कर्षांपैकी एक वाटते. आणि थरांच्या पदार्थांकडे वळताना आपल्याला तिचाच आधार घ्यावयाचा आहे.

तांब्याच्या ऑक्साइडांची रचना अशी असते की, तांबे आणि ऑक्सिजन यांच्या अणूंचे एक सपाट प्रतल, त्यावर इतर धातूंच्या ऑक्साइडांचे थर, मग पुन्हा तांबे-ऑक्सिजनचे प्रतल, अशी रास लागलेली असते. लँथॅनमच्या संयुगात लगतच्या दोन प्रतलांमध्ये सुमारे ६.६ अँगस्ट्रॉमचे अंतर असते. इलेक्ट्रॉन प्रतलाच्या आत मोकळेपणाने फिरतात, पण एका प्रतलावरून दुसऱ्यावर जावयास त्यांना फार कष्ट पडतात. बिस्मथच्या संयुगात तर आडव्या दिशेच्या मानाने उभ्या दिशेचा रोध हजारो पटींनी अधिक असतो. आपल्या जिल्ह्यात विहीर खणणाऱ्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही: लाव्हाच्या एका थरावर दुसरा थर साचून बनलेल्या आपल्या काळ्या पाषाणात पाणी दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र पट्टीतून आडवे लांबवर जाते, पण घट्ट कातळ भेदून खालच्या पट्टीत सहजी उतरत नाही. दाखला येथेच सोडून द्यावयास हवा. कारण एका पट्टीतल्या पाण्याला दुसऱ्या पट्टीतल्या पाण्याची वार्ताही नसते, आणि स्फटिकातील प्रतलांचे तसे नाही. एका प्रतलात विद्युत्भार कोठे साचला याची खबर वरच्या-खालच्या प्रतलांना कूलंबच्या बलाने तत्काळ पोचते.

या थरांच्या रचनेतून दोन निरनिराळ्या प्रकारची कंपने उद्भवतात, आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये.

पहिला प्रकार प्रतलांना काटकोनात, म्हणजे उभ्या दिशेने होणाऱ्या कंपनाचा. अतिसंवाहकता आल्यावर प्रत्येक प्रतल हा एक अतिसंवाहक आणि मधला थर हा जोसेफसनचा पडदा, असा प्रत्यक्ष स्फटिकच अगणित सांध्यांची चळत होऊन बसतो. बिस्मथच्या संयुगात हे प्रयोगाने सिद्ध झाले ते १९९२ साली, क्लायनर आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांच्या हातून. या चळतीतून जोड्यांचा समुदाय वर-खाली आंदोलित होऊ लागला, तर त्यासही एक प्लाझ्मॉन असणारच. पण ओलांडणे कठीण असल्यामुळे त्याची ऊर्जा अतिशय उतरलेली असते. त्याच १९९२ साली तामासाकू, नाकामुरा आणि उचिदा यांनी जपानात लँथॅनमच्या संयुगावर असा प्रकाश सोडला की ज्याचे विद्युत् क्षेत्र उभ्या दिशेला होते. अतिसंवाहकता ज्या तापमानाला अवतरते त्या क्रांतिक तापमानाच्या वर तो स्फटिक त्या दिशेने जवळजवळ विद्युत्‌रोधकासारखा वागत होता. क्रांतिक तापमानाच्या खाली उतरताच दूर-अवरक्त पट्ट्यात परावर्तनाला एकाएकी एक तीक्ष्ण कडा फुटली. ती कडा म्हणजे जोसेफसन प्लाझ्मॉनची खूण. तिची ऊर्जा अवघी काही मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे जोडी फोडण्याच्या ऊर्जेहूनही कमी. अॅल्युमिनियममध्ये ज्या दोन राशींत चाळीस हजार पटींचे अंतर होते, त्यांचा क्रमच येथे उलटला. आणि जोड्या फोडण्याइतकी ऊर्जा अंगी नसल्यामुळे हे कंपन लवकर विझून न जाता स्वच्छ, निर्मळ दिसू लागले. अँडरसन यांनी कागदावर जो तरंग वर उचलला गेलेला दाखविला होता, तो आता इतका खाली आला की साध्या परावर्तनाने त्याचे मोजमाप घेता यावे!

योगायोग असा की, याच मोजमापाने अँडरसन यांच्याच एका लाडक्या सिद्धांताचा निकाल लावला. त्यांचे म्हणणे होते की, सामान्य अवस्थेत इलेक्ट्रॉनांना प्रतलांमधील हद्द ओलांडता येत नाही, पण जोडीने मात्र ओलांडता येते, आणि या ओलांडण्याने जी ऊर्जा वाचते तीच उच्च तापमानाच्या अतिसंवाहकतेचे खरे भांडवल होय. हे खरे असेल तर जोसेफसन प्लाझ्मॉनची ऊर्जा अमुक इतकी भरलीच पाहिजे, असा रोखठोक हिशेब त्यातून निघत होता. हिशेब तपासावयास थॅलियमचे एक संयुग निवडले गेले, कारण त्यात प्रतले एकेकटी आणि एकमेकांपासून दूर असून क्रांतिक तापमान मात्र ८५ केल्विनच्या आसपास होते. १९९८ साली कॅथरिन मोलर, जॉन कर्टली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय भोवऱ्यांची प्रत्यक्ष छायाचित्रे घेऊन, आणि नेदरलँड्समधील डिर्क फान डेर मारेल यांच्या गटाने प्लाझ्मॉनची कंप्रता मोजून, त्या ऊर्जेशी थेट निगडित असलेली खोली, म्हणजे उभ्या दिशेने वाहणारे प्रवाह चुंबकीय क्षेत्राला किती खोल शिरू देतात ते, ठरविले. सिद्धांताला एक-दोन मायक्रोमीटर हवे होते. प्रयोगात सुमारे वीस भरले. या खोलीच्या वर्गाशी ओलांडण्याने वाचणाऱ्या ऊर्जेचे व्यस्त प्रमाण असल्यामुळे ही तूट शंभर पटींच्या घरात जाते. तो सिद्धांत तेथून मागे पडला. आपण चुकलो तर नेमके कोठे चुकलो हे दाखविता येईल इतक्या स्पष्टपणे त्याने आपले म्हणणे मांडले होते, हा त्याचा मोठेपणा मी तरी विसरू शकत नाही.

या जोसेफसन कंपनांचा व्यवहारातही काही उपयोग संभवतो. २००७ साली ओझ्युझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्मथच्या संयुगाच्या कोरलेल्या तुकड्यातून टेराहर्ट्झ पट्ट्यातील तरंग बाहेर काढून दाखविले. तो एक स्वतंत्र विषय आहे.

दुसरा प्रकार अधिक गहन आहे. यात इलेक्ट्रॉन आपापल्या प्रतलातच आडवे आंदोलित होतात. ओलांडण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु एका प्रतलातील कंपन आणि शेजारच्या प्रतलातील कंपन यांच्या कला परस्परांशी कशा जुळतात, यावर त्याची ऊर्जा अवलंबून असते. सर्व प्रतले एकाच कलेने आंदोलित झाली, तर सर्वांचा साचलेला भार एकाच ठिकाणी एकावर एक येतो, खेचून परत आणणारे बल प्रचंड होते, आणि प्लाझ्मॉनची ऊर्जा सुमारे एका इलेक्ट्रॉनव्होल्टापर्यंत जाते. पण लगतची प्रतले विरुद्ध कलेने आंदोलित झाली, तर एकात जेथे ऋणभार साचतो तेथेच शेजारच्यात त्याची तूट पडते. दुरून पाहणाऱ्यास दोन्ही परस्परांना फेडून टाकतात. परत खेचणारे बल दुबळे होते, आणि आडवी तरंगलांबी वाढवीत गेल्यास ध्वनितरंगाप्रमाणे या कंपनाची ऊर्जा शून्याकडे उतरत जाते. म्हणून त्यास ध्वनिसदृश प्लाझ्मॉन म्हणतात. या दोन टोकांच्या मधल्या सर्व जुळण्याही शक्य आहेत, त्यामुळे एका प्लाझ्मॉनच्या जागी त्यांचा एक अखंड पट्टाच तयार होतो. अलेक्झांडर फेटर यांनी १९७४ साली थरांच्या इलेक्ट्रॉन-वायूसाठी हे गणित मांडले, तेव्हा तांब्याच्या अतिसंवाहकांचा कोणास मागमूसही नव्हता. पुढे १९८८ साली क्रेसिन आणि मोराविट्झ यांनी असे सुचविले की, उच्च तापमानाच्या अतिसंवाहकांत जोड्या जुळविण्याच्या कामी या खालच्या ऊर्जेच्या प्लाझ्मॉनांचा हातभार लागत असावा.

सूचना झाली, पण पुरावा कोठे होता? साध्या प्रकाशाला ही कंपने दिसत नाहीत, कारण त्याची तरंगलांबी अणूंमधील अंतराच्या हजारो पट असते आणि त्याच्या ठायी पुरेसा संवेग नसतो. तीस वर्षे हे प्रकरण दप्तरातच पडून राहिले, आणि सिद्धांतकारांपैकी बहुतेकांनी दरम्यान एक सोय करून घेतली: प्रतल एकच धरावयाचे, आणि दोन इलेक्ट्रॉन एकाच अणूवर आले तरच त्यांच्यात प्रतिसारण मानावयाचे. या सुटसुटीत प्रतिमानाने चुंबकीय गुणधर्मांचा पुष्कळ उलगडा केला, हे मी मनापासून मान्य करतो. परंतु त्यात दूरवर पोचणाऱ्या बलाला जागाच नसल्यामुळे ध्वनिसदृश प्लाझ्मॉन त्यातून कधी निघूच शकला नसता.

कोंडी फुटली ती क्ष-किरणांच्या अनुस्पंदी अप्रत्यास्थ प्रकीर्णनाने. नाव बोजड आहे, रीत मात्र समजण्यासारखी. तांब्याच्या अणूतील आतला एक इलेक्ट्रॉन वर उचलावयास बरोबर पुरेल अशी, सुमारे ९३० इलेक्ट्रॉनव्होल्टांची, ऊर्जा असलेला क्ष-किरण स्फटिकावर सोडावयाचा. रिकामी झालेली जागा भरताना जो क्ष-किरण बाहेर पडतो त्याची ऊर्जा मोजावयाची. आणि जेवढी तूट आली तेवढी ऊर्जा स्फटिकात कोणते तरी कंपन उठविण्यात खर्च झाली असे समजावयाचे. स्फटिक आणि किरण यांमधील कोन बदलून त्या कंपनाचा आडवा संवेग आणि उभा संवेग दोन्ही स्वतंत्रपणे ठरविता येतात, आणि या रीतीचे सारे सामर्थ्य त्यात आहे. इलेक्ट्रॉन वाढवून अतिसंवाहक केलेल्या तांब्याच्या ऑक्साइडांत २०१४ च्या सुमारास एक वेगाने वर जाणारे उत्तेजन दिसले होते, आणि त्याच्या स्वरूपाविषयी मतभेद होते. २०१८ साली मॅथियास हेप्टिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आडवा संवेग कायम ठेवून फक्त उभा संवेग बदलत नेला. उत्तेजनाची ऊर्जा त्याप्रमाणे वर-खाली झाली. आणि तिची पुनरावृत्ती स्फटिकाच्या संपूर्ण एकक-कोशाच्या उंचीला धरून न होता, लगतच्या दोन प्रतलांमधील अंतराला धरून झाली. जे उत्तेजन एकाच प्रतलात जन्मते व तेथेच विझते, त्याला शेजारच्या प्रतलाचे अंतर कळण्याचे कारणच नाही. ज्यांनी हा आलेख पाहिला असेल त्यांना माझ्या सुरुवातीच्या विधानाचा पुरावा अन्यत्र शोधावा लागणार नाही. २०२० साली इंग्लंडमधील डायमंड या किरणस्रोतावर अभिषेक नाग आणि सहकाऱ्यांनी लँथॅनम व बिस्मथ यांच्या संयुगांतही, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेऊन अतिसंवाहक केलेल्या पदार्थांतही, हीच कंपने असल्याचे दाखविले. ज्या संयुगांत प्रतले अगदी जवळ असून इलेक्ट्रॉनांना हद्द ओलांडणे तुलनेने सोपे जाते, तेथे हे कंपन पुरते शून्यापर्यंत उतरत नाही, खाली एक फट राहते, हेही पुढे आढळले. आणि त्या फटीवरून ओलांडण्याचे प्रमाण काढता येऊ लागले.

सर्व काही निर्विवाद झाले असे मात्र नव्हे. अमेरिकेतील पीटर अॅबामाँटे यांच्या गटाने बिस्मथच्या संयुगावर इलेक्ट्रॉनांचाच मारा करून जी निरीक्षणे घेतली, त्यांत संवेग वाढताच प्लाझ्मॉन सुबक शिखर म्हणून टिकत नाही, तो एका सपाट, वैशिष्ट्यहीन पार्श्वभूमीत विरून जातो असे दिसते. क्ष-किरणांची साक्ष एक, इलेक्ट्रॉनांची साक्ष दुसरी. दोन्हीकडचे प्रयोगकर्ते तज्ज्ञ आणि काटेकोर. मला स्वतःला क्ष-किरणांची बाजू अधिक पटते, कारण उभ्या संवेगावरील ती पुनरावृत्ती योगायोगाने मिळण्यासारखी नाही. पण मोठ्या संवेगापाशी प्लाझ्मॉनचे आयुष्य फार तोकडे होते ही दुसऱ्या पक्षाची हरकत डावलून चालणार नाही. याच अॅबामाँटे यांच्या गटाने २०२३ साली स्ट्रॉन्शियम रुथेनेट या, तितक्याच थरयुक्त आणि तितक्याच अपरंपरागत अतिसंवाहकात, पाइन्स यांनी १९५६ साली वर्तविलेले एक उत्तेजन शोधून काढले. त्यात दोन वेगवेगळ्या ऊर्जापट्ट्यांतील इलेक्ट्रॉन एकाच जागी विरुद्ध कलेने आंदोलित होतात, एकूण भार कोठेच साचत नाही, म्हणून प्रकाशाला त्याची चाहूलही लागत नाही. सेकंदाला सुमारे एक लाख मीटर या वेगाने ते स्फटिकातून धावते. भाकीत आणि साक्षात्कार यांच्यामध्ये ६७ वर्षे गेली.

येथे आपल्या घरच्या एका कामाचा उल्लेख केल्याखेरीज पुढे जाववत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, आर. विजयराघवन आदी संशोधकांनी, मुंबईच्याच आय.आय.टी.मधील आणि परदेशातील सहकाऱ्यांसह, १९९४ साली इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकता असल्याचे जाहीर केले. त्याच कुलातील पॅलेडियमयुक्त संयुगाने त्याच वर्षी २३ केल्विन गाठले. या बोरोकार्बाइडांची रचनाही थरांचीच आहे: निकेल-बोरॉनचा थर, मग इट्रियम-कार्बनचा थर. परंतु त्यांतील इलेक्ट्रॉन तिन्ही दिशांना जवळजवळ सारख्याच मोकळेपणाने हिंडतात. अर्थात ज्या दोन प्रकारच्या कंपनांचे मी आतापर्यंत वर्णन केले, ती तेथे अपेक्षिता येत नाहीत. नुसती डोळ्यांना दिसणारी चळत पुरत नाही. इलेक्ट्रॉनांना हद्द खरोखर जाणवावी लागते. हा धडा मुंबईच्या या शोधाने जितका स्पष्ट दिला तितका दुसऱ्या कोणी क्वचितच दिला असेल.

त्याच संस्थेत, पवईच्या आय.आय.टी.त शिकून आणि आंबेगावकरांच्या कॉर्नेलमध्येच डॉक्टरेट मिळवून परतलेले मंदार देशमुख यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अलीकडे ही हद्द स्वतःच्या हातांनी रचून पाहिली आहे. बिस्मथच्या संयुगाचे पातळ पापुद्रे सोलून काढावयाचे, एकावर दुसरा ठेवताना त्याला ठरावीक कोनातून फिरवावयाचे, आणि त्या दोहोंच्या मधला सांधा तपासावयाचा. तांब्याच्या ऑक्साइडांत जोडीचे तरंगरूप चार पाकळ्यांचे असते आणि लगतच्या पाकळ्यांची चिन्हे विरुद्ध असतात. म्हणून कोन ४५ अंश झाला की एका बाजूची धन पाकळी दुसऱ्या बाजूच्या धन आणि ऋण अशा दोन्ही पाकळ्यांसमोर सारखीच येते, आणि जोड्यांचे नेहमीचे ओलांडणे जवळजवळ बंद पडते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे दिसून आले की, अशा सांध्यावर अत्यल्प चुंबकीय क्षेत्र लावले असता तो एका दिशेने जेवढा रोधरहित प्रवाह वाहू देतो तेवढा उलट दिशेने देत नाही. हा भेद ४५ अंशांच्या कोनाला सर्वाधिक असतो, आणि तो द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत, म्हणजे ७७ केल्विनपर्यंत, टिकतो. यापूर्वी असे परिणाम ४ केल्विनच्या आसपासच मिळत असत. ज्या निसर्गदत्त सांध्यांत जोसेफसन प्लाझ्मॉन वावरतो, त्यांतल्याच एका सांध्याचा कोन माणसाने मनाजोगा बदलला आणि ओलांडण्याची सनद आपल्या हाती घेतली, असे या कामाचे मोल मी मानतो.

शेवटचा प्रश्न या सर्व कंपनांच्या आणि अतिसंवाहकतेच्या मूळ कारणाच्या संबंधाचा. पाऱ्याच्या ऑक्साइडांचे एक कुल आहे: त्यात एकेकटी प्रतले असतील तर क्रांतिक तापमान ९५ केल्विनच्या आसपास असते, दोन प्रतले अगदी लगत आणली तर ते १२७ च्या आसपास जाते, तीन आणली तर १३४ च्या आसपास, आणि चौथे प्रतल घातले की ते उतरू लागते. आतल्या प्रतलांना वाहक विद्युत्भाराचा वाटा कमी पोचतो, हे उतरण्याचे कारण बव्हंशी मान्य आहे. चढण्याचे कारण मात्र वादाचे आहे. अँथनी लेगेट यांनी १९९९ साली असे मत मांडले की, जोड्या जुळल्याने इलेक्ट्रॉनांमधील कूलंब प्रतिसारणाचीच ऊर्जा, विशेषतः दीर्घ तरंगलांबीची आणि मध्य-अवरक्त पट्ट्यातील, काही अंशी वाचत असावी. आणि लगतची प्रतले एकमेकांच्या भाराला दुरून जाणू शकत असल्यामुळे ही बचत प्रतलांच्या संख्येबरोबर वाढावी. हे मत मला अँडरसन यांच्या त्या मागे पडलेल्या सिद्धांताहून अधिक भरवशाचे वाटते, कारण त्यात जोड्यांनी हद्द ओलांडण्याची अट नाही. केवळ बलाने ओलांडली तरी पुरे. ते खरे असेल तर क्रांतिक तापमानाखाली उतरताना, प्लाझ्मॉनांमुळे स्फटिकात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची सर्व कंप्रतांवरील बेरीज किंचित घटली पाहिजे, आणि तीन प्रतलांच्या स्फटिकात ती एका प्रतलाच्या स्फटिकापेक्षा अधिक घटली पाहिजे. मोजमापाची अडचण घटीच्या आकारात आहे: अतिसंवाहक झाल्याने तांब्याच्या प्रत्येक अणूमागे जी ऊर्जा वाचते ती एका मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टाहूनही कमी, आणि ज्या प्लाझ्मॉनांच्या पट्ट्यात ती शोधावयाची त्याचा वरचा काठ एका इलेक्ट्रॉनव्होल्टापाशी, म्हणजे हजारात एका भागाहूनही लहान असा फरक, तापमान बदलत असताना, निःसंशयपणे टिपावयास हवा.